जुनं खोदचित्र कसं वाचायचं? गोव्याजवळचं एक गाव आणि चार प्रश्न



पेटची तयारी करताना ‘प्राथमिक साधन’ आणि ‘दुय्यम साधन’ यांच्या व्याख्या आपण पाठ करतो. पण साधन प्रत्यक्ष समोर आलं की त्याला काय विचारायचं, हे व्याख्येत नसतं. आज ते एका जुन्या चित्रावर करून पाहू. मी विज्ञान शाखेचा, म्हणून चित्राकडेही नमुन्यासारखं बघतो. आधी नोंद, मग अर्थ.

यान हुइगेन व्हान लिन्सखोतेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला आणि आर्चबिशपच्या पदरी काही वर्षं राहिला. १५९६ मध्ये आम्स्टरडॅमला त्याचं ‘इतिनेरारियो’ हे सचित्र पुस्तक निघालं. त्यात गोव्याचा बाजार आहे, तसंच गोव्याजवळचं साधं खेडंही आहे. काळ बरोक शैलीच्या उंबरठ्यावरचा. या पुस्तकातली चित्रं आम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमच्या संकेतस्थळावर बघता येतात. खेड्याचं चित्र मोठं करा आणि विचारा:

१. हे तयार कसं झालं?
तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने रेषा कोरतात, त्यांत शाई भरतात, वरचा भाग पुसतात आणि ओलसर कागद यंत्रात दाबून छाप घेतात. त्यामुळे इथे सावली म्हणजे रेषांची दाटी. शिवाय छाप आरशासारखा उलटा येतो. कारागिराने मूळ चित्र जसंच्या तसं कोरलं, तर उजव्या हातातलं अवजार डाव्या हातात जातं. म्हणून ‘इथले लोक डावखुरे होते’ असं लिहिण्याआधी जरा थांबा!

२. पाहिलं कोणी, कोरलं कोणी?
गोवा पाहिला लिन्सखोतेनने. पत्रे कोरले हॉलंडमध्ये, व्हान डुटेकुम घराण्यातल्या कारागिरांनी. माणसांची अंगकाठी युरोपीय वाटते ती बहुधा त्यामुळे. पुढे फ्रँकफर्टच्या द ब्री कुटुंबाने हीच चित्रं पुन्हा नव्याने कोरली. म्हणजे नकलेची नक्कल. मूळ पेपर न वाचता दुसऱ्याच्या संदर्भावरून संदर्भ उचलला की आपलंही हेच होतं.

३. नावाचा अर्थ तेव्हा काय होता?
पुस्तकात ‘बालागाते’ असा शब्द येतो. नांदेड-लातूरकडच्या माणसाला लगेच वाटेल, अरे, हा तर आपला बालाघाट! पण लिन्सखोतेनच्या लेखी तो गोव्यामागचा, घाटावरचा सगळा उंच मुलूख आहे. शब्द ओळखीचा निघाला म्हणून जागा तीच असते असं नाही.

४. दुसरा पुरावा काय म्हणतो?
लिन्सखोतेन लिहितो की शेतकऱ्यांची घरं गवताची, दारं इतकी ठेंगणी की वाकून रांगतच आत जावं लागतं. घरात एक चटई, एकदोन मडकी आणि भात कांडायला जमिनीत एक खड्डा. परक्या वाचकाला यात नुसती गरिबी दिसेल. पण भुईत पुरलेलं उखळ ज्याने पाहिलंय, त्याला हा ‘खड्डा’ वेगळा दिसतो. ते घरातलं यंत्रच आहे. छपराचंही तसंच. आपल्या भोकरकडची जुनी घरं माळवदाची, तिकडची उतरत्या छपराची. हा फरक आधी पावसाचा आहे, ऐपतीचा नंतर.

इथेच मुख्य मुद्दा येतो. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला वाटतं, आपल्याकडे इंग्रजी नाही, मोठं ग्रंथालय नाही, आपण काय संशोधन करणार? पण उखळ, सारवण, माळवद हे तुम्हाला वापरून माहीत आहे. ती माहिती म्हणजे निष्कर्ष नव्हे. ती गृहीतक देते, आणि ते तपासावं लागतं. पण गृहीतक सुचणं हीच तर अर्धी लढाई असते.

आता एक काम करा. वहीच्या पानावर दोन रकाने आखा, ‘दिसतं’ आणि ‘वाटतं’. पंधरा मिनिटं चित्र बघा आणि लिहा. एकही ओळ चुकीच्या रकान्यात जाऊ द्यायची नाही. चित्रातल्या त्या माणसांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्याबद्दल आपण जे लिहू, ते तरी नीट पाहून लिहू या.