क्रेनिओप्लास्टी
क्रेनिओप्लास्टी ही अपघात, अर्बुद किंवा शस्त्रक्रियेमुळे कवटीच्या हाडात निर्माण झालेली पोकळी भरून काढण्याची शस्त्रक्रिया आहे. तिच्यामुळे मेंदूला संरक्षण मिळते व डोक्याचा आकार पूर्ववत होतो.

मेंदूला सूज आल्यास दाब कमी करण्यासाठी कवटीचा तुकडा काढला जातो. तो अतिशीत तापमानात किंवा रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली जतन करून सूज ओसरल्यावर परत बसवतात. मात्र असे हाड कधीकधी, विशेषतः मुलांमध्ये, शरीरात शोषले जाते. तेव्हा जैवपदार्थ वापरतात. टायटॅनियम मजबूत असते, परंतु सीटी स्कॅनच्या प्रतिमेत अडथळा आणते. ॲक्रिलिक स्वस्त असते, पण घट्ट होताना उष्णता सोडते. हायड्रॉक्सीॲपॅटाइट हाडातील खनिजाशी मिळतेजुळते, तरीही ठिसूळ असते. जंतुसंसर्गाचा धोका सर्वच पदार्थांत असल्याने संसर्ग झालेले रोपण बहुधा काढावे लागते.