हरायचं, पण सतरा धावांनीच!

बंगळुरूच्या दक्षिण टोकाला, होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा आहे. कारखाने, औषध कंपन्या, नारायण हृदयालय आणि पाळ्यांवर चालणारं कामगारांचं जग. चिन्नास्वामी स्टेडियम इथून सुमारे पंचवीस किलोमीटर दूर. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्र्यापर्यंत आली. पण १८ मे २०२४ च्या शनिवारी ती सोय नव्हती. ज्यांच्याकडे तिकीट नव्हतं त्यांनी घरातला टीव्ही किंवा हातातला मोबाइल गाठायचा. आणि त्या रात्री साऱ्या शहरात क्रिकेटपेक्षा बेरीज-वजाबाकीच जास्त चालली होती.

आयपीएलमधला तो शेवटच्या टप्प्यातला साखळी सामना होता. एका बाजूला यजमान रॉयल चॅलेंजर्स बंगळुरू, दुसऱ्या बाजूला चेन्नई सुपर किंग्ज. चेन्नईचा कर्णधार पुण्याचा ऋतुराज गायकवाड, शिवाय संघात अजिंक्य रहाणे. बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाची पंचाईतच! शहराच्या संघामागे उभं राहायचं की आपल्या माणसांमागे?

बाद फेरीच्या चार जागांपैकी तीन आधीच भरल्या होत्या. चौथीसाठी हे दोघे समोरासमोर. चेन्नईचे गुण १४, बंगळुरूचे १२. मग बंगळुरू जिंकलं की काम झालं? छे! जिंकल्यावर दोघांचे गुण १४ होणार, जिंकलेले सामनेही सारखेच. अशा वेळी निकाल लागतो तो निव्वळ धावगतीवर. बंगळुरूने पहिली फलंदाजी करून २१८ धावा केल्या आणि आकडा पक्का झाला. किमान १८ धावांनी जिंकलं तर बंगळुरू पुढे. चेन्नईने २०१ धावा केल्या, तर सामना हरूनही चेन्नई पुढे. म्हणजे पराभव चालेल, पण तो सतरा धावांपर्यंतच!

त्यात पावसाने धाक घातला होता. बंगळुरूच्या डावाच्या तीन षटकांनंतर तो आलाही. सामना वाहून गेला असता तर दोघांना एकेक गुण मिळून चेन्नई आपोआप आत गेली असती. चिन्नास्वामीच्या मैदानाखाली पाणी शोषून घेणारी यंत्रणा आहे. त्या रात्री एकही षटक कापावं लागलं नाही.

ही निव्वळ धावगती ऐकायला अवघड, पण घरखर्चाच्या वहीइतकीच सोपी. साखळीतल्या सगळ्या सामन्यांत मिळून संघाने षटकामागे किती धावा काढल्या, ती जमा. षटकामागे किती दिल्या, तो खर्च. जमेतून खर्च वजा करायचा. एक मेख मात्र आहे. संघ पंधराव्या षटकात गारद झाला, तरी हिशेब पूर्ण वीस षटकांचा धरतात. त्यामुळे एखादा दारुण पराभव महिनाभर पाठ सोडत नाही. बंगळुरूला याची चांगलीच झळ बसली होती. पहिल्या आठपैकी सात सामने हरून हा संघ तळाला होता. नंतर लागोपाठ पाच विजय मिळवले, तेव्हा कुठे या हिशेबात नाव आलं.

ऋतुराज पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला. रहाणेने ३३ धावा केल्या, रचिन रवींद्रने ६१. शेवटच्या षटकात जिंकायला ३५ हव्या होत्या, पण त्याकडे कोणाचं लक्ष होतं? सगळ्यांचे डोळे १७ या आकड्यावर. समोर महेंद्रसिंग धोनी, गोलंदाज यश दयाल. हाच दयाल, ज्याला २०२३ मध्ये रिंकू सिंगने शेवटच्या षटकात सलग पाच षटकार मारले होते. पहिला चेंडू धोनीने थेट स्टेडियमबाहेर भिरकावला. ओला चेंडू गेला, त्या जागी दुसरा आला. पुढच्याच चेंडूवर धोनी झेलबाद! उरलेल्या चार चेंडूंत जेमतेम एक धाव. चेन्नई १९१ वर थांबली. बंगळुरूची धावगती ०.४५९, चेन्नईची ०.३९२. साठ-सत्तर सामन्यांच्या धुमश्चक्रीनंतर फरक एवढासाच.

मुंबईकरांना याहूनही नाट्यमय रात्र आठवत असेल. २५ मे २०१४, वानखेडे स्टेडियम. मुंबई इंडियन्ससमोर राजस्थान रॉयल्सचं १९० धावांचं लक्ष्य, आणि तेही १४.३ षटकांत. कोरी अँडरसनने ४४ चेंडूंत नाबाद ९५ धावा ठोकल्या. नेमकं १४.३ षटकांना धावसंख्या १८९, म्हणजे बरोबरी! सगळं संपलं असं वाटत असतानाच हिशेब आला, की पुढच्या चेंडूवर चौकार गेला तरी मुंबई आत. आदित्य तरेने थेट षटकारच मारला. एरवी शांत असणाऱ्या राहुल द्रविडने राजस्थानच्या गोटात टोपी जमिनीवर आपटली.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये असं घडलंच नसतं. तिथे ३० संघ, प्रत्येकाचे १६२ सामने. दोन लीग, प्रत्येकीत तीन गट. गटविजेते तीन आणि उरलेल्यांतले सर्वोत्तम तीन, ज्यांना ‘वाइल्ड कार्ड’ म्हणतात. असे २०२२ पासून एकूण बारा संघ बाद फेरीत जातात. दोघांची बरोबरी झाली तर आधी पाहतात, आपसातल्या लढतींत कोण सरस. २०२१ पर्यंत तर अशा वेळी खास जादा सामना खेळवत. एका धावेने जिंका की दहा, तिथे विजय म्हणजे विजय. हा नियम २०१४ मध्ये इथे असता तर? मुंबईने राजस्थानला काही दिवसांपूर्वीच अहमदाबादेत हरवलं होतं. वानखेडेवर विसाव्या षटकात रडतखडत जिंकूनही भागलं असतं. बेसबॉलचा नियम अधिक न्यायाचा वाटतो खरा, पण तरेचा षटकार मग कोणाच्या लक्षात राहिला असता? आणि १८ मेचा पेच त्या पहिल्या पायरीवर सुटलाच नसता. चेन्नई आणि बंगळुरू यांनी त्या मोसमात एकमेकांना एकेकदा हरवलं होतं.

चौघांत शिरल्यावरही पायऱ्या आहेतच. २०११ पासून पहिल्या दोन संघांना हरल्यावर आणखी एक संधी मिळते, तिसऱ्या-चौथ्याला नाही. २७ मे २०२५ ला लखनौमध्ये बंगळुरूला पहिल्या दोनांत येण्यासाठी २२८ धावा हव्या होत्या. हंगामी कर्णधार, अमरावतीच्या जितेश शर्माने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून ते साधलं. पहिल्या पात्रता सामन्यात पंजाबला हरवून बंगळुरू थेट अंतिम फेरीत. चौथ्या आलेल्या मुंबईने गुजरातला हरवलं, पण पंजाबकडून हार पत्करताच घरचा रस्ता धरला. पंजाब मात्र एकदा हरूनही ३ जूनला अहमदाबादच्या अंतिम सामन्यात बंगळुरूसमोर पुन्हा उभं होतं. यावेळीही ते हरलं, सहा धावांनी.