आजीच्या ओव्या कुठे ठेवाल?

बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बायकांनी गायिलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी उभारलेल्या संग्रहात आहेत. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत!

तुमच्या आजीच्या आवाजाची एखादी कॅसेट घरी असेल, तर ती संगणकात उतरवून घ्या. फीत कायम टिकत नाही. मग प्रश्न येतो, हे सारे ठेवायचे कुठे? एक वाट म्हणजे गाणी वाजवणाऱ्या यंत्रालाच तारेने जोडलेली हार्ड डिस्क. दुसरी म्हणजे ‘नॅस’. ही राउटरला जोडलेली पेटी असते. तिच्यात हार्ड डिस्क आणि एक छोटा संगणकच असतो. घरातले कोणतेही यंत्र तिच्याकडून गाणे मागून घेते.

नॅसवरून आवाज अधिक गोड येतो, असे कोणी छातीठोकपणे सांगेल. आपण आकडेमोड करू. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि वाहिन्या दोन. गुणाकार करा: १४,११,२०० बिट. साधी जाळ्याची तार सेकंदाला १० कोटी बिट नेऊ शकते, म्हणजे गरजेच्या ७० पट! जुन्या यूएसबीची क्षमता तर ४८ कोटी. शिवाय यंत्र थोडी माहिती आधीच साठवून ठेवते. नळाला पाणी थांबत थांबत आले तरी रांजण भरलेला असला की तांब्या बुडतोच, तसे हे आहे. बिट तेच पोचले, तर ओवीही तीच. वाय-फाय मात्र धाब्याच्या घराच्या जाड भिंतींपुढे दमते. तिथे तार ओढलेली बरी.

जागाही फार लागत नाही. वरच्या हिशेबाने १०० तासांचे ध्वनिमुद्रण सुमारे ६४ गिगाबाइट भरते.

खरा फरक विजेचा. नॅस अहोरात्र चालू राहते. ती १५ वॅट घेत असेल, तर वर्षाला सुमारे १३१ युनिट होतात. छोटी जोडलेली डिस्क वापरापुरतीच चालते. लिहीत असताना वीज गेली तर दोन्हीकडे धोका असतो. पण सतत चालणाऱ्या पेटीला हा प्रसंग अधिक वेळा येतो. तिला इन्व्हर्टरचा आधार हवाच. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तिला बंद कपाटात कोंडू नका.

काही नॅसमध्ये दोन डिस्क असतात. एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटते. एक बिघडली तर दुसरी तारते. पण चुकून ओवी पुसलीत, तर ती दोन्हींवरून जाते! वीज कोसळली तर दोन्ही एकदमच संपू शकतात. म्हणून या जोडीला दुसरी प्रत समजू नये.

चार खोल्यांत चौघे वेगवेगळे ऐकत असतील, तर नॅस जरूर घ्यावी. एकाच ठिकाणी ऐकणाऱ्या घराला, माझ्या मते, दोन साध्या डिस्क पुरेत. एक घरी जोडलेली ठेवा. दुसरीवर नक्कल करून ती परगावी मामाकडे द्या, आणि दिवाळीच्या सुट्टीत गेलात की तिथे लावून आजीचा आवाज नीट येतो ना, ते ऐकून पाहा.