बाटली रंगवण्याआधी

शाळेच्या प्रदर्शनात ‘टाकाऊतून टिकाऊ’चा विभाग हमखास असतो. रंगवलेल्या बाटल्यांच्या फुलदाण्या, टिकल्या चिकटवलेले पेनस्टँड, आइस्क्रीमच्या काड्यांची घरं. यातल्या पुष्कळ वस्तूंसाठी आईवडिलांनी रंग, ग्लिटर, डिंक आणि कधी कधी तर कोऱ्या काड्यांचं पाकीटही दुकानातून आणलेलं असतं. आठवडाभरात ती फुलदाणी कचऱ्यात जाते. म्हणून काहीजण म्हणतात की हा सारा देखावाच आहे. मला ते पटत नाही. हा उपक्रम मुलांच्या फार हिताचा आहे, फक्त त्याचं कारण आपण चुकीचं सांगतो. त्याने कचरा कमी होत नाही. वस्तू कशी उभी राहते आणि का मोडते, हे मात्र मुलांच्या हातांना कळतं.

याचा भक्कम दाखला आपल्याकडेच आहे. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले अरविंद गुप्ता पुण्यात टेल्को कंपनीत नोकरीला होते. १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे त्यांनी आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांपासून आकृत्या जोडायला सुरुवात केली. काडीचं गूल खरवडून टाकायचं, नळीचे छोटे तुकडे करायचे आणि त्यांनी काड्या जोडायच्या. चार काड्यांचा चौकोन कोपऱ्यात दाबला की तिरका होऊन आडवा पडतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी हलत नाही, कारण तीन बाजूंची लांबी ठरली की कोन बदलायला जागाच उरत नाही. रेल्वेचे लोखंडी पूल, गोदामांच्या छपरांच्या कैच्या, विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात, हे मग वेगळं समजावावं लागत नाही. पुढे २००३ पासून दशकभर गुप्तांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हेच काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांत सजावट जवळजवळ नसते. खेळणं फिरतं, वाजतं, उडतं, आणि मोडलं की मूल ते पुन्हा जोडू शकतं.

आता त्या रंगवलेल्या बाटलीकडे पाहू. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या पेट बाटलीला भंगारात किंमत असते. तिचे बारीक तुकडे करून, वितळवून कापडाचा धागा तयार होतो. रंग, डिंक आणि चमकी लागली की ती या साखळीतून बाहेर पडते. पुण्यात १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कचरावेचकांच्या संघटनेचं नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ आहे; ज्याला आपण टाकाऊ म्हणतो, त्यावर अनेक घरं चालतात. तेव्हा मुलांच्या हाती द्यायचं ते ज्याला गिऱ्हाईक नाही असं: विटलेलं कापड, काडेपेटीची रिकामी खोकी, पंक्चर झालेली ट्यूब, शाई संपलेल्या पेनांच्या नळ्या.

कचऱ्याशी खेळणं म्हणजे गरिबाच्या मुलाला दुय्यम वस्तू देणं, असा एक गंभीर आक्षेप आहे. दुसऱ्या मुलांना दुकानातला संच आणि याला काड्या, असं झालं तर तो आक्षेप खराच. पण संचातून बहुधा छापील चित्रातली एकच वस्तू तयार होते. काड्या आणि नळीतून मूल स्वतःचा प्रश्न उभा करू शकतं. श्रीमंत शाळांनीही हेच करावं. धोक्याचा आक्षेप तर सरळ मान्य करायला हवा: जुने सेल, फुटकी ट्यूबलाइट, औषधांच्या बाटल्या, कीटकनाशकांचे डबे मुलांच्या हाती कधीच नकोत. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही घरातला घातक कचरा वेगळा ठेवायला सांगितलं होतं. आणि कचरा खरोखर कमी करायचा असेल, तर ओल्या कचऱ्याकडे पाहा; आपल्या शहरांतल्या कचऱ्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. तो घरीच जिरवला तर फुलदाण्यांपेक्षा कितीतरी जास्त फरक पडेल.

शिक्षकांनो, यंदाच्या प्रदर्शनात सजावटीला गुण देऊ नका. वस्तू सुटी करून पुन्हा जोडायला सांगा आणि त्याला गुण द्या. आणि पालकांनो, काड्यांचा चौकोन आडवा पडला की त्याचं उत्तर लगेच सांगून टाकू नका.