ज्येष्ठांसह कान्हेरी : डोंगर चढण्याआधी एवढे पाहू

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायचे आणि गावी परतण्याआधी कान्हेरीची लेणी पाहायची, असा बेत बाहेरगावाहून येणारी मंडळी अनेकदा आखतात. बेत चांगला आहे. पण रात्रभराचा रेल्वेप्रवास, दादरची लांब रांग, अपुरी झोप आणि लगेच डोंगराच्या पायऱ्या हे साठी-सत्तरी ओलांडलेल्या शरीराला जड जाते. गुडघे दुखू लागले की आजी-आजोबा खालीच बसून राहतात आणि बाकीचे वर फिरून येतात. ज्यांनी विहारासाठी दारोदार वर्गणी गोळा केली, तेच लेणी न पाहता परतू नयेत, म्हणून हा लेख.

दिवस कोणता निवडावा?

अभिवादनानंतर एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा आणि मगच कान्हेरीला जावे. सोमवारी उद्यान बंद असते, तेव्हा वार आधी पाहून घ्यावा. वर्षावासात डोंगर हिरवागार दिसतो, पण कातळातल्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि पाय घसरतो. या वयात एका पडण्याने मांडीचे हाड मोडू शकते. वैशाखात काळा कातळ तापतो. ज्येष्ठांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा.

जायचे कसे?

लेणी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. उद्यानाच्या मुख्य दारापासून ती सुमारे ६ किलोमीटर आत आहेत. हे अंतर ज्येष्ठांना चालायला लावू नये. आत वाहनाची काय सोय आहे, याची चौकशी गटप्रमुखाने आदल्या दिवशीच करावी. उद्यानाचे आणि लेण्यांचे तिकीट वेगवेगळे असते. रांगेत एकाने उभे राहावे, बाकीच्यांनी सावलीत बसावे. सकाळी दादरहून बोरिवलीकडे जाणाऱ्या लोकलला उलट दिशेच्या मानाने गर्दी कमी असते, म्हणून सकाळी लवकर निघणे दोन्ही अर्थांनी बरे.

काय पाहावे?

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. ती सगळी पाहण्याचा हट्ट धरू नये. सुरुवातीलाच, थोड्या पायऱ्यांवर, ३ क्रमांकाचे चैत्यगृह आहे. त्याच्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना सुमारे ७ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. आत रांगेने खांब आणि शेवटी स्तूप. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातला शिलालेखही इथे आहे. शेजारीच २ क्रमांकाच्या लेण्यात स्तूप आहेत. जमत असेल तर पुढे ११ क्रमांकाचे लेणे पाहावे. त्याला ‘दरबार’ म्हणतात. तिथे जमिनीलगत दगडाचे दोन लांब बाक कोरलेले आहेत.

एवढ्यात बुद्धवंदना होते, निवांत बसणे होते आणि मन भरते. वरची लेणी ज्यांचे गुडघे आणि श्वास साथ देतील त्यांनीच पाहावीत. तेव्हाही खाली ज्येष्ठांसोबत एका तरुणाने थांबावे. अनेक विहारांपुढे दगडी ओटे आहेत आणि जवळ पाण्याची टाकी कोरलेली आहेत. भिक्खू इथे वर्षानुवर्षे राहत होते, दान देणारे कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आणि उपासक होते, हे अशा ओट्यावर बसून समजावून सांगितले की विश्रांतीही होते.

शरीराचे ऐकावे

चढताना दम लागतो, पण गुडघ्यांवर खरा भार उतरताना येतो. उतरताना मांडीचे स्नायू शरीराला आवरून धरतात आणि दर पावलाला गुडघा दाबला जातो. म्हणून उतरण्याआधी १० मिनिटे बसावे, काठी वापरावी, पायरीवर तिरपे पाऊल टाकावे. चप्पल नको, न घसरणारे बूट हवेत.

चढताना बोलता येते का ते पाहावे. एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर थांबावे. छातीत दाब, जबडा किंवा हातात कळ, अचानक घाम आला तर चढणे तिथेच सोडून १०८ ला फोन करावा. ‘थोडे बसले की बरे वाटेल’ म्हणून वेळ घालवू नये.

वय वाढले की तहान कमी जाणवते. शिवाय शौचालयाची अडचण नको म्हणून अनेक आया-बहिणी पाणीच पीत नाहीत. मग चक्कर येते. शौचालय कुठे आहे ते आधीच विचारून ठेवावे आणि दर अर्ध्या तासाने चार घोट प्यावेत. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर डॉक्टरांचे मोजमाप पाळावे. लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल, तर त्या दिवशी ती केव्हा घ्यायची हेही विचारावे, स्वतःहून बंद करू नये.

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने उपाशी चढू नये. हातपाय थरथरले, घाम फुटला, बोलणे अडखळले तर ३ चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. माकडे पिशव्या हिसकावतात, म्हणून साखर आणि गोळ्या खिशात ठेवाव्यात.

गटाची चाल

सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे चालावे. प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात नाव, आजार, औषधे आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. उद्यानात बिबटे आहेत, तेव्हा रेंगाळू नये. दुपारी ३ च्या सुमारास परतीला लागावे, म्हणजे उतरायला घाई होत नाही आणि अंधाराच्या आत सगळे स्टेशनवर पोहोचतात.