ओव्हरक्लॉकिंग : वेग वाढवा, पण बेताने

मुलगा म्हणतोय, "कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक करू?" लगेच नाही म्हणू नका, सोबत बसून गणित करा. प्रोसेसरचा वेग = मूळ क्लॉक × गुणक. म्हणजे १०० मेगाहर्ट्झ × ४२ = ४.२ गिगाहर्ट्झ. गुणक बायोसमध्ये वाढवतात, पण फक्त अनलॉक्ड प्रोसेसरवर.

वेग वाढवला की बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तरी उष्णता सुमारे २१ टक्के वाढते!

म्हणून आधी प्रोजेक्ट, फोटो यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. अस्थिर मशीन फाइल्स गुपचूप बिघडवतं. गुणक एकेकानेच वाढवा, दरवेळी प्राइम९५ चालवून तापमान बघा. निळा स्क्रीन दिसला, की एक पायरी खाली उतरा. मशीन सुरूच होत नसेल, तर सीमॉस रीसेट करा. लॅपटॉपवर मात्र हा प्रयोग नकोच.