राजाचं दिवसकार्य

लुंगा हा ढोल जवळून पाहिला तो घानातल्या तमालेत. डमरूसारखी बारीक कंबर, पण लांबीला हातभर. तो काखेत धरतात, दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या दोऱ्या दंडानं दाबतात आणि वाकड्या काठीनं वाजवतात. दाबला की आवाज चढतो, सैल सोडला की उतरतो. इथल्या दगबानी भाषेत स्वर बदलला की शब्द बदलतो, त्यामुळे लुंगा खरोखरच बोलतो. म्हातारा वादक रात्रभर राजांची वंशावळ सांगत होता, मागचे दहाबारा जण ओळ झेलत होते. अलीकडच्या दोन राजांचं काय, असं मी मधेच विचारलं. तो हसला, कोलाच्या बीचा तुकडा तोंडात टाकला आणि दोनशे वर्षं मागच्या नावाकडे वळला.

त्या दोन नावांवरूनच उत्तर घानातलं दगबोन राज्य पेटलं होतं.

आपण गादीचा वाद म्हणतो, इथे तो कातड्याचा. दक्षिणेतल्या अकान लोकांचा राजा चौरंगासारख्या स्टुलावर बसतो, तर दगबोनच्या राजधानीचा, येंडीचा राजा, म्हणजे या-ना, जनावरांच्या कातड्यांवर. एकोणिसाव्या शतकातल्या या-ना याकुबूच्या अब्दुलाई आणि अंदानी या मुलांपासून अबुदू आणि अंदानी अशी दोन घराणी झाली. एकदा यांनी, एकदा त्यांनी, असा पायंडा पडला. पण पाळी आली म्हणून कोणी थेट येंडीला जात नाही. आधी सावेलुगू, कारागा किंवा मियोन यांपैकी एका गावचं प्रमुखपद भूषवावं लागतं. शिवाय बाप स्वतः या-ना झालेला हवा. नातू चालत नाही. म्हणजे बापाची पाळी हुकली की मुलांची वाट कायमची बंद. याकुबूचा तिसरा मुलगा महामी राजा झाला नाही, त्याचा वंश कारागापाशीच थांबला. भांडण एवढं जिवावरचं का, ते या एका नियमात कळतं.

बाहेरचा माणूस कोर्टकचेऱ्या, समित्या मोजत बसतो. खरी गाठ अंत्यविधीत आहे. राजा गेला की थोरला मुलगा ग्बोनलाना होतो, म्हणजे बापाच्या जागी काळजीवाहू. थोरल्या मुलीलाही पाकपोन म्हणून मान असतो. अखेरचं दिवसकार्य होईपर्यंत नवा राजा बसत नाही. आणि राजा म्हणून कार्य करू देणं म्हणजे तो राजा होता हे कबूल करणं.

1974 साली अबुदूंच्या महमदू अब्दुलाई चौथे यांची निवडच रीतसर नव्हती असं ठरवून त्यांना उतरवलं आणि अंदानींचे याकुबू अंदानी दुसरे बसले. महमदू 1988 साली वारले. त्यांचं कार्य येंडीच्या राजवाड्यात व्हावं, असं त्यांचे लोक म्हणत राहिले. उतरवलेल्याचं कार्य राजवाड्यात कसलं, हे समोरच्यांचं म्हणणं. मार्च 2002 मध्ये, आगीच्या सणाच्या सुमारास, राजवाड्यावर हल्ला झाला आणि या-ना याकुबूंसह सुमारे चाळीस माणसं मारली गेली. त्यांच्या दफनाला 2006 साल उजाडलं. आता एका राज्यात दोन राजांची कार्यं अडली होती.

आपल्याकडे सातारा-कोल्हापूरचं भांडण 1731 च्या वारणेच्या तहानं मिटलं, ते राज्य वाटून. इथे तो मार्ग नव्हता, येंडी एकच. सरकारनं मग राजांचा तंटा राजांकडेच सोपवला: अशांतीचे राजे ओसेई टुटू दुसरे, मांप्रुगूचे नायिरी आणि गोंजाचे याग्बोनवुरा. कुमासीच्या मान्हिया राजवाड्यात त्यांच्या बैठका वर्षानुवर्षं चालल्या. इतका वेळ का, असं मलाही वाटायचं. पण घाईचा निकाल येंडीत टिकला नसता.

नोव्हेंबर 2018 चा निकाल क्रमाचा होता. आधी महमदूंचं कार्य, मग याकुबूंचं, दोन्ही राजवाड्यात. म्हणजे दोघेही राजे होते. डिसेंबरात पहिलं झालं, जानेवारी 2019 मध्ये दुसरं, आणि त्याच महिन्यात सावेलुगूचे प्रमुख अबुकारी दुसरे म्हणून कातड्यावर बसले.

दोन्ही काळजीवाहू मुलांनाही पदं मिळाली. याकुबूंच्या मुलाला सावेलुगू, महमदूंच्या मुलाला मियोन. दोन्ही गावांची वाट येंडीलाच जाते.